मॉल येतोय आणि भिंतीवर चित्र आहे: आम्ही काय काय केलं

हे लिहिण्याचं कारण साधं आहे. आम्ही या भानगडीत पडलो तेव्हा पहिलं पत्र कुणाला लिहायचं, हेसुद्धा सांगणारं कुणी नव्हतं. लेख पुष्कळ सापडले, पण ते सगळे सार्वजनिक कलेचं महत्त्व सांगणारे. महत्त्व आम्हाला पटलेलंच होतं. मुदत किती, सही कुणाची, पैसे कोण देणार, तुकडे ठेवायचे कुठे, हे मात्र कुठेच नव्हतं. मी हिशेबतपासनीस आहे. चित्रकलेशी माझा संबंध पाहण्यापुरता. त्यामुळे या लेखात रंगरेषांपेक्षा कागदच जास्त येतील.

फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद पडलेल्या एका जुन्या बहुमजली दुकान-इमारतीच्या फाटकावर जाहीर सूचना लागली. इमारत पाडून नवं व्यापारी संकुल उभं राहणार. हरकती व सूचना तीस दिवसांत लेखी द्याव्यात. नकाशे कार्यालयीन वेळेत पाहायला मिळतील. या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर काचेच्या आणि चिनीमातीच्या तुकड्यांचं तीन मजली उंच भित्तिचित्र होतं. विणकर, नावाडी, ओझी वाहणारी माणसं, आणि सगळ्यांच्या डोक्यावर एक मोठा पिवळा सूर्य. शहरातला कुणीही पत्ता सांगताना ‘सूर्याच्या भिंतीपासून डावीकडे’ म्हणायचा.

मी नकाशे पाहायला गेले. जुन्या इमारतीच्या नकाशात ही भिंत तुटक रेषेने दाखवली होती आणि बाजूला लिहिलं होतं ‘पाडावयाचे बांधकाम’. नव्या नकाशात त्याच जागी मालाच्या गाड्या आत घ्यायचा रस्ता. चित्राचा उल्लेख एका शब्दानेही नाही. मला आधी वाटलं, मुद्दाम वगळलंय. तसं काही नव्हतं. मोजणी करणाऱ्याने भिंतीची लांबी, उंची, जाडी घेतली होती. भिंतीवर काय आहे, हे लिहायला त्याच्या तक्त्यात रकानाच नव्हता. पुढचं सगळं काम म्हणजे खरं तर तो रकाना तयार करणं होतं.

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी त्याच दिवशी करायच्या गोष्टी: सूचनेचा फोटो काढा, त्यात प्रसिद्धीची तारीख आणि प्रस्ताव क्रमांक स्पष्ट दिसू दे. नकाशांच्या प्रती शुल्क भरून रीतसर घ्या, मोबाइलवरच्या वाकड्या फोटोंवर भागवू नका. पुढे प्रत्येक पत्राच्या पहिल्या ओळीत तो प्रस्ताव क्रमांक टाका. क्रमांक नसलेलं पत्र कुठल्या नस्तीत लावायचं ते कारकुनाला कळत नाही, आणि मग ते कुठल्याच नस्तीत लागत नाही.

आम्ही पाच-सहाजण जमलो. एक निवृत्त चित्रकला शिक्षक, एक बांधकाम अभियंता, एक वकील मैत्रीण, शेजारपाजारचे दोघे-तिघे. पहिलं काम चित्रकार शोधण्याचं. सही उजव्या खालच्या कोपऱ्यात होती, पण कुठल्याशा जुन्या पाटीच्या लोखंडी चौकटीमागे अर्धी झाकलेली. शिक्षकांनी कलाशाळेच्या जुन्या याद्या धुंडाळून नाव लावलं. चित्रकार हयात नव्हते. त्यांच्या मुलीचा ठावठिकाणा मिळाला. फोनवर मी सगळं सांगितलं. ताई बराच वेळ ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, “बाबांनी करार केला होता हो. पण भिंतच पडली तर काय, हे करारात कोण लिहितं?”

त्यांच्याकडून दोन मोलाच्या वस्तू मिळाल्या. एक म्हणजे त्या कराराची प्रत. दुसरी म्हणजे चित्राचा मूळ आराखडा, कागदाच्या लांब पट्ट्यांवर, प्रत्येक भागात कुठल्या रंगाचा तुकडा बसवायचा त्याच्या खुणांसकट. कलाकार किंवा वारस हयात असतील तर त्यांना पहिल्याच आठवड्यात गाठा. भावनिक पाठिंब्यासाठी नव्हे. कायद्याने बोलण्याचा हक्क बऱ्याचदा त्यांनाच असतो, तुम्हा-आम्हाला नसतो.

हा हक्क कितपत चालतो, यावर वकील मैत्रिणीने दाखले गोळा केले आणि आमचा उत्साह बराच खाली आणला. कलाकृती विकली तरी कलाकाराचा नैतिक हक्क त्याच्याकडेच राहतो, हे लेखक-कलाकारांच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराच्या ६ बिस कलमात आहे. कलाकृतीची मोडतोड किंवा विद्रूपीकरण करून त्याच्या लौकिकाला बाध आणला तर तो आक्षेप घेऊ शकतो. पण कलाकृती समूळ नष्ट केली तर काय, हे ते कलम उघडपणे बोलत नाही, आणि देशोदेशी न्यायालयांनी वेगवेगळी उत्तरं दिली आहेत. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सेहगल यांचं भव्य ब्राँझ भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून गोदामात टाकलं गेलं. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अवशेष कलाकाराला परत करायला आणि ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. त्याच न्यायालयाने २०१९ मध्ये दिल्लीतल्याच ‘हॉल ऑफ नेशन्स’ या प्रदर्शन-इमारतीच्या पाडकामावरून वास्तुविशारद राज रेवाल यांनी केलेला दावा मात्र मान्य केला नाही, मालकाचा पाडण्याचा हक्क वरचढ ठरला. अमेरिकेत १९९० च्या कायद्यानुसार भिंतीवरची कलाकृती इजा न होता काढता येण्यासारखी असेल, तर मालकाने कलाकाराला कळवून ९० दिवसांची मुदत द्यायची असते. न्यूयॉर्कच्या ‘फाइव्ह पॉइंट्झ’ या भित्तिचित्रांनी भरलेल्या इमारतींच्या मालकाने २०१३ मध्ये एका रात्रीत भिंतींना पांढरा रंग फासला. २०१८ मध्ये न्यायालयाने ४५ कलाकृतींसाठी ६७.५ लाख डॉलर भरपाई ठरवली.

यातली मेख लक्षात आली का? भरपाई मिळाली, चित्रं गेलीच. कोर्टाचा रस्ता नंतरचा आहे. आम्हाला आधीचा रस्ता हवा होता.

तो दोन तऱ्हांचा निघाला. एक, इमारतीला किंवा चित्राला वारसायादीत घालून घेणं. दुसरा, बांधकाम परवानगीतच अट घालून घेणं. आम्ही दोन्हींचे अर्ज एकाच आठवड्यात दिले, आणि हे शहाणपण शिक्षकांचं. वारसायादीचा अर्ज बरेच महिने कुठल्याशा उपसमितीपुढे पडून राहिला आणि शेवटी एका परिच्छेदाचं उत्तर आलं, की इमारत वास्तुशास्त्रीयदृष्ट्या विशेष नाही. इमारत विशेष आहे असं आम्हीही म्हणत नव्हतो. पण यादी इमारतींची होती, चित्रांची नव्हती.

याच्याशी मिळतीजुळती दोन उदाहरणं मी तेव्हा वाचून काढली, दोन्ही ब्रिटनमधली, दोन्ही दुकानांशी निगडित. वेल्समधल्या न्यूपोर्ट शहरात केनेथ बड यांनी १९७८ मध्ये केलेलं चार्टिस्ट उठावाचं (मताधिकारासाठी कामगारांनी केलेल्या) ३५ मीटर लांबीचं मोझेक होतं, सुमारे दोन लाख तुकड्यांचं, पादचारी भुयारी मार्गात. तिथे खरेदी संकुल यायचं ठरलं. वारसायादीत घ्यायला नकार मिळाला, हलवायचा खर्च सहा लाख पौंडांच्या घरात सांगितला गेला, आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये ते यंत्राने फोडलं. हल शहरात मात्र अ‍ॅलन बॉयसन यांचं ‘थ्री शिप्स’ हे १९६३ चं मोझेक एका बंद पडलेल्या दुकानाच्या वळणदार दर्शनी भिंतीवर होतं. ४,२२४ फरश्या, त्यांवर दहा लाखांवर इटालियन काचेचे ठोकळे. नागरिकांनी नेट धरला आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये त्याला संरक्षित दर्जा मिळाला. मला न्यूपोर्टने जास्त शिकवलं. तिथेही लोकांना चित्र हवंच होतं. पण खर्चाचा आकडा एकाच बाजूकडे होता, आणि ज्याच्याकडे आकडा असतो त्याचं म्हणणं टिपणीत उतरतं.

मार्चमध्ये हरकत दिली. आधी आमच्यातल्या एकाने चार पानी निवेदन लिहिलं होतं, संस्कृती, अस्मिता, पुढच्या पिढ्या वगैरे. ते बाजूला ठेवून एक पान केलं. भिंत कुठली ते नकाशातल्या खुणेसकट; चित्राचे चार फोटो मोजपट्टी लावून; आणि तीन मागण्या. पाडकामाआधी तज्ज्ञाकडून पाहणी, पाहणीचा खर्च प्रकल्पात धरणं, आणि चित्राचं काय करणार ते पाडकाम परवानगीच्या आधी लेखी ठरवणं. ‘चित्र वाचवा’ अशी मागणी आम्ही केलीच नाही. तिच्यावर ‘विचार करण्यात येईल’ असा शेरा पडतो आणि विषय संपतो. पाहणी करा, या मागणीवर कुणाला तरी हो किंवा नाही लिहावं लागतं.

सह्यांच्या मोहिमेबद्दल: सह्या पुष्कळ मिळाल्या, पण हजार सह्यांचं निवेदन ही कार्यालयाच्या दृष्टीने एकच हरकत असते, असं तिथल्याच एका भल्या कारकुनाने सांगितलं. मग ज्यांना जमेल त्यांनी आपापल्या शब्दांत, आपापल्या नावाने वेगळी पत्रं दिली. प्रत्येकाने पोच घेतली: दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. ईमेल पाठवलंत तरी कागद हातोहात द्याच. सुनावणीत पहिलाच प्रश्न ‘आपली हरकत मुदतीत होती का’ असा आला, आणि शिक्का पुढे केला.

सुनावणी जूनमध्ये. दिवसभर बाकावर बसून बोलायला काही मिनिटं. त्यामुळे आधी ठरवून ठेवलं होतं: अभियंत्याने भिंतीबद्दल बोलायचं, ताईंनी कराराबद्दल, मी खर्चाबद्दल. बिल्डरचे वास्तुविशारद समोरच होते. माझ्या डोक्यात त्यांची प्रतिमा खलनायकाची होती, पण माणूस सरळ निघाला. म्हणाले, “मला जागेची जी कागदपत्रं दिली त्यात हे नव्हतंच. आता अख्खा आराखडा त्या रस्त्याभोवती बसलाय.” मग त्यांच्या सल्लागाराने पर्याय मांडला: चित्राचा उत्तम फोटो काढून काचेवर छापून आतल्या भिंतीवर लावू, शिवाय चौकात एक नवं शिल्प देऊ. अमेरिकेत फिलाडेल्फियाने १९५९ पासून बांधकाम खर्चाचा ठरावीक टक्का कलेसाठी राखण्याची पद्धत सुरू केली आणि पुढे तिथल्या अनेक शहरांत ती पसरली. त्याच धर्तीचं हे. माझं याबद्दल स्पष्ट मत आहे. नव्या शिल्पाचं उद्घाटन करता येतं, जुन्याच्या दुरुस्तीची फीत कापता येत नाही, म्हणून पैसा नव्याकडे वळतो. छापील काचेवर ताईंनी एवढंच विचारलं, की सूर्यावर सकाळचं ऊन पडल्यावर प्रत्येक तुकडा वेगळा चमकतो तो कसा छापणार. तुकडे मुद्दाम थोडे कलते बसवलेले होते. इतिवृत्तात हे आलं नाही, पण पीठासीन अधिकाऱ्यांनी पाहणीचा आदेश दिला.

इतिवृत्ताचं सांगायचं राहिलं. ते आपोआप मिळत नाही. अर्ज करा, आठवण द्या, पुन्हा आठवण द्या. आमच्या इतिवृत्ताच्या पहिल्या मसुद्यात पाहणीचा आदेश होता पण खर्च कुणाचा ते गाळलेलं होतं. आम्ही त्याच दिवशी आपली टिपणं पत्राने पाठवली होती, म्हणून दुरुस्ती मागता आली.

सप्टेंबरमध्ये पाहणीसाठी कलाकृतींच्या संवर्धक मॅडम आल्या. सगळ्या प्रक्रियेतला मला सर्वांत आवडलेला भाग हा. हातात एक छोटा लाकडी हातोडा, खिशात खडू. परांचीवर चढून त्यांनी वितीवितीने भिंत वाजवायला सुरुवात केली. तुकड्यांमागचा गिलावा विटेला घट्ट धरून असेल तर आवाज टणक येतो. सुटलेला असेल तर बद्द. बद्द वाजलं की त्या खडूने गोल काढायच्या आणि मदतनीस तो नकाशावर उतरवायचा. तासाभराने मलाही फरक ऐकू यायला लागला. संध्याकाळपर्यंत नावाड्याच्या खांद्यापासून खाली सबंध पट्टा खडूच्या गोलांनी भरला होता. कारण वर सापडलं: गच्चीच्या पन्हळीचा सांधा फुटून वर्षानुवर्षं पाणी भिंतीत मुरत होतं. उजव्या खालच्या भागात त्या जुन्या पाटीसाठी ठोकलेल्या लोखंडी खुंट्या गंजून फुगल्या होत्या आणि त्यांनी भोवतालचे तुकडे फोडले होते.

अहवालात तीन पर्याय आले. पहिला, भिंत जागेवर ठेवून मागून पोलादी चौकटीचा आधार देणं आणि नवी इमारत तिच्याभोवती बांधणं. मॅडमचा कौल याला. जुन्या वास्तूंच्या जतनाविषयीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेचं आठवं कलम त्यांनी दाखवलं: वास्तूचा अंगभूत भाग असलेलं चित्र वा शिल्प, ते वाचवायचा दुसरा कुठलाच मार्ग नसेल तरच हलवावं. दुसरा, भिंतीसकट ठोकळे कापून नेणं. तिसरा, समोरून कापड चिकटवून चित्र गिलाव्याच्या थरासकट पट्टीपट्टीने सोडवणं. जुन्या इटालियन भित्तिचित्रांसाठी या पद्धती नावानिशी ठरलेल्या आहेत: फक्त रंगाचा थर ओढून काढला की स्त्राप्पो, गिलाव्यासकट काढला की स्ताक्को, भिंतीसकट की मास्सेल्लो. मोझेकला पहिली पद्धत लागूच होत नाही.

पहिल्या पर्यायासाठी आम्ही दोन महिने भांडलो आणि हरलो. भिंतीचा पाया नव्या तळघराच्या खोदकामात येत होता. आमच्याच अभियंत्याने आकडेमोड करून सांगितलं की आधार देता येईल, पण तळघर एका बाजूने आक्रसावं लागेल, आणि ते बिल्डर कदापि मान्य करणार नाही. ही हार मला अजून बोचते. जागा गेली की चित्राचा अर्धा अर्थ जातो. पत्ता सांगायचा तो सूर्य आता त्या कोपऱ्यावर नाही.

मग तिसऱ्या पर्यायाने हलवण्याचा हिशेब मांडायला घेतला. इथे रकमा देत नाही, कारण त्या दुसऱ्या कुणाच्या कामाच्या नाहीत. वाटणी कामाची आहे. चित्राला प्रत्यक्ष हात लावणाऱ्यांचा, म्हणजे संवर्धक आणि त्यांच्या कारागिरांचा खर्च एकूण खर्चाच्या जेमतेम एक तृतीयांश निघाला. बाकीचं काय? परांची, तीही साधी नव्हे, भिंतीला न टेकणारी. क्रेन. क्रेन उभी करायला रस्त्याची एक बाजू बंद ठेवण्याचं शुल्क. वाहतुकीचा आणि साठवणीचा विमा. गोदामाचं भाडं, तेही किती महिने ते कुणालाच माहीत नाही. नव्या जागी बसवायचे पाठीचे तक्ते. आणि पावसापासून झाकायची ताडपत्री, जी तिन्ही अंदाजपत्रकांत कुणीच धरली नव्हती. तीन ठिकाणची अंदाजपत्रकं घ्या, पण आधी बाबींची यादी स्वतः करून सगळ्यांना तीच द्या. नाहीतर तुलना होत नाही, आणि सर्वांत स्वस्त दिसतो तो सर्वांत जास्त गाळलेला असतो.

बिल्डरशी बोलणी करताना लक्षात आलं, की त्याला खर्चापेक्षा वेळेची धास्ती जास्त आहे. कर्जाचं व्याज रोज चढत असतं. म्हणून आम्ही वेळापत्रकच मांडलं. इमारत आतून रिकामी करायला, दारं-खिडक्या, लोखंड, जुन्या वायरिंगचा पसारा काढायला दोन-तीन महिने लागणारच होते. त्या काळात दर्शनी भिंतीला कुणी हात लावत नाही. चित्र तेव्हा उतरवलं तर पाडकाम एकाही दिवसाने लांबत नाही. हा कागद पुढे ठेवल्यावर बोलण्याचा सूर बदलला. खर्चाचा मोठा वाटा त्यांनी उचलायचं मान्य केलं, उरलेला वर्गणी आणि एका न्यासाच्या देणगीतून.

जानेवारी २०२३ मध्ये परवानगी निघाली, अटींसह. मसुद्यात अट अशी होती: ‘भित्तिचित्राचे योग्य ते जतन करावे.’ ही अट म्हणजे काहीच नाही. वकील मैत्रिणीने ती खुंट्याला बांधून घेतली. चित्र उतरवून गोदामात पोचल्याचं संवर्धकांचं प्रमाणपत्र सादर झाल्याशिवाय पाडकामाचा दाखला मिळणार नाही. पुन्हा बसवण्याच्या खर्चाइतकी बँक हमी आधी ठेवायची. नवी जागा रस्त्यावरून, आत न शिरता दिसणारी हवी. तिच्यासमोर ठरावीक अंतरात पाटी, फलक, विक्रीचा गाळा लावायचा नाही. संकुल वापरण्याचा दाखला चित्र बसल्यावरच. आणि वर्षातून एकदा तपासणी, अहवाल कार्यालयात दाखल. तुमच्याकडे अशी वेळ आली तर प्रत्येक अटीला विचारा: हे कशाच्या आधी करायचं आहे, आणि न केल्यास काय अडकतं? दोन्हींची उत्तरं नसतील तर ती अट कागदावरच राहते.

काम मार्चमध्ये सुरू झालं. आधी फोटो, भिंतीला समांतर, ठरावीक अंतरावरून, रंगपट्टी लावून. मग सौम्य धुलाई, सुटलेल्या तुकड्यांना आधार, आणि नंतर सरस लावून कापड. आधी जाळीदार पातळ कापड, वर मांजरपाट. सरस गरम पाण्याने पुन्हा सुटतो, म्हणून तो वापरायचा. पण त्याच कारणाने एक अवकाळी सर सगळं काम धुऊन टाकू शकते. ताडपत्रीचा खर्च तिथे वसूल झाला. कापण्याच्या रेषा ठरवायला सर्वांत जास्त वेळ गेला. चेहऱ्यावरून, हातावरून रेष जाता कामा नये. ती आकृतीच्या कडेने, जिथे तसेही रंग बदलतात तिथून न्यायची. त्या रेषेवरचे तुकडे आधी एकेक सुटे काढून क्रमांकाच्या पिशवीत भरायचे, म्हणजे पातं रिकाम्या दर्जेतून फिरतं.

पहिला भाग सुटला तेव्हा मागे मूळ विटांवर कोळशाच्या रेषा दिसल्या. नावाड्याच्या होडीचा बाक, सूर्याचा घेर, मध्येच कारागिरांनी एकमेकांसाठी लिहिलेली अक्षरं: ‘नि’, ‘नि’, ‘पि’, ‘काळा इथपर्यंत’. कुणालाच हे माहीत नव्हतं, ताईंनाही नाही. भिंत जाणारच होती. शिक्षकांनी दोन दिवस तिथेच ठाण मांडून पारदर्शक प्लास्टिकवर त्या रेषा जशाच्या तशा गिरवून घेतल्या. खर्चाच्या कुठल्याही बाबीत हे नव्हतं. करून घ्या एवढंच सांगते.

उजवा खालचा कोपरा वाचला नाही. गंजलेल्या खुंट्यांभोवतीचे तुकडे हातात घेताच भुगा होत होते. सहीतली दोन अक्षरं त्यात गेली.

मे महिन्याच्या अखेरीस सगळे भाग गोदामात गेले. प्रत्येकाला लाकडी चौकट, पाठीवर क्रमांक, त्याच क्रमांकाचा नकाशा तीन वेगवेगळ्या माणसांकडे. हे तिसरं महत्त्वाचं, कारण मधल्या काळात बिल्डरकडचा प्रकल्प व्यवस्थापक बदलला आणि नव्याला गोदाम कुठे आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं. साठवणीचा काळ हाच सर्वांत धोक्याचा. चित्र उतरवलं की वर्तमानपत्रं ‘वाचलं’ म्हणून लिहितात, लोक घरी जातात, आणि पेट्या गोदामात विसरल्या जातात. आम्ही दर तिमाहीला जाऊन पेट्या मोजायचो, ओल तपासायचो, आणि त्याचं साधं पत्र कार्यालयात देऊन पोच घ्यायचो. कंटाळवाणं काम. आमच्यातले दोघे याच टप्प्यावर गळाले, आणि त्यांना दोष देववत नाही.

याच वाट पाहण्यात मी सॅन फ्रान्सिस्कोबद्दल वाचलं. दिएगो रिव्हेराचं १९४० चं ‘पॅन अमेरिकन युनिटी’ २०२१ मध्ये एका महाविद्यालयातून तिथल्या आधुनिक कला संग्रहालयात हलवलं गेलं, ७४ फूट लांब, दहा भागांत. ते शक्य झालं कारण चित्रकाराने मुळातच ते सुट्या पटलांवर केलं होतं. नवी भित्तिचित्रं करून घेणाऱ्यांना माझं हेच सांगणं आहे: भिंतीवर थेट बसवू नका, चौकटीवर बसवा, आणि करारात भिंत पडली तर काय ते लिहा.

संवर्धकांनी मागचा जुना जाड गिलावा घासून पातळ केला आणि प्रत्येक भाग मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या पोकळ अ‍ॅल्युमिनियमच्या तक्त्यावर बसवला. वजन कितीतरी पटींनी उतरलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये चित्र नव्या संकुलाच्या बाहेरच्या बाजूच्या भिंतीवर चढलं. हरवलेले तुकडे ताईंकडच्या आराखड्यावरून भरले, पण जवळून पाहिलं तर कळतील इतपत वेगळ्या छटेचे, हे मुद्दाम. सहीची दोन अक्षरं भरायची नाहीत, असं ताईंनीच सांगितलं. खाली छोटी पाटी आहे, तिच्यावर चित्रकाराचं नाव, मूळ जागा आणि हलवल्याचं वर्ष.

संकुल उघडून महिना झाला नाही तोच चित्रासमोर सवलतीच्या विक्रीचा भलामोठा फलक उभा राहिला. मी चिडून फोन करणार होते, वकील मैत्रिणीने अडवलं. फोटो, तारीख, परवानगीतली अट क्रमांकासकट, आणि दोन ओळींचं पत्र, प्रत बांधकाम विभागाला. फलक आठवड्याच्या आत हलला. तेव्हापासून अटींचं ते पान मी मोबाइलमध्ये ठेवूनच हिंडते.

पहिली वार्षिक तपासणी नोव्हेंबर २०२५ मध्ये झाली. मॅडमनी पुन्हा तोच हातोडा आणि खडू आणला होता. वरच्या दोन भागांमधल्या दर्जेत केसाएवढी चीर आहे. उन्हाने तक्ते प्रसरण पावतात, तिथे लवचिक मसाला भरावा लागेल असं त्यांनी लिहिलंय. दुरुस्तीचं अंदाजपत्रक संकुलाच्या व्यवस्थापनाकडे गेलं आहे, उत्तर अजून नाही. बँक हमी दुसऱ्या तपासणीपर्यंत सुटत नाही, त्यामुळे उत्तर येईल असा अंदाज आहे. हरकतीच्या पत्राचा आणि अटींचा मसुदा कुणाला हवा असेल तर मागा, नावं आणि क्रमांक गाळून पाठवते.